पेपरमिंटच्या गोळ्या आणि तब्येत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात फार्मसी चालवताना औषधांइतकेच प्रश्न काउंटरवरच्या पेपरमिंटच्या बरणीबद्दल येतात. पुदिन्याची गोळी म्हणजे पाचक, घशाला बरी, निदान अपाय तरी करणार नाही, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. त्यातला थोडा भाग खरा आहे, बराचसा नाही. गिऱ्हाइकांची रांग मागे उभी असताना दोन वाक्यांत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून तेच प्रश्न इथे सविस्तर घेतले आहेत.

या गोळीत नेमकं असतं काय?

साखर आणि लिक्विड ग्लुकोज. बाकी सगळं नावापुरतं. साखरेचा आणि ग्लुकोजचा पाक साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत आटवतात. तेवढ्या तापमानाला त्यात जेमतेम दोन-तीन टक्के पाणी उरतं. पाक थोडा निवल्यावर त्यात पेपरमिंटचं तेल किंवा मेन्थॉल आणि हवा असल्यास रंग मिसळतात, आणि साच्यात घालून थंड करतात. लिक्विड ग्लुकोज घालायचं कारण एकच : नुसत्या साखरेचा पाक थंड होताना त्याचे खडे जमतात. ग्लुकोजमुळे ते जमत नाहीत आणि गोळी गुळगुळीत, पारदर्शक राहते.

मधे भोक असलेली पोलोसारखी गोळी वेगळी. ती पाकाची नसते. दळलेली साखर यंत्रात दाबून ती करतात, त्यामुळे ती तोंडात लवकर विरघळते.

मेन्थॉलचं प्रमाण फार थोडं असतं, एक टक्क्याच्याही खाली. भारतात ते येतं मुख्यतः उत्तर प्रदेशातून. बाराबंकी आणि आसपासच्या जिल्ह्यांत मेन्थॉल मिंटची मोठी शेती होते, आणि नैसर्गिक मेन्थॉल पुरवण्यात भारत जगात सर्वांत पुढे आहे. हा पुदिना आपण चटणीत घालतो त्या जातीचा नव्हे. त्याच्या तेलातून जे पांढरे, सुईसारखे स्फटिक निघतात त्यांना आपण पुदिन्याचं फूल म्हणतो. ओव्याचं फूल, कापूर आणि हे पुदिन्याचं फूल एकत्र केलं की अमृतधारा होते. जुन्या लोकांच्या मनात पेपरमिंटला जे औषधाचं वजन आहे ते बहुधा तिथूनच आलेलं आहे. पण अमृतधारेत पुदिन्याचं फूल हे मुख्य द्रव्यांपैकी एक असतं, गोळीत मुख्य द्रव्य साखर असते.

तिच्यातून काही पोषण मिळतं का?

नाही. १०० ग्रॅम गोळ्यांमध्ये ३९० च्या आसपास कॅलरी, आणि त्या जवळजवळ सगळ्या साखरेच्या. प्रथिनं नाहीत, स्निग्ध पदार्थ नाहीत, तंतू नाहीत, जीवनसत्त्वं नाहीत. वेष्टनावर पुदिन्याचं हिरवंगार पान छापलेलं असलं तरी पानातलं लोह किंवा क जीवनसत्त्व तेलाबरोबर येत नाही.

चार ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १६ कॅलरी मिळतात. म्हणजे चहात घालतो ती लहान चमचाभर साखर.

मग एवढ्याशा गोळीनं काय बिघडतं?

एका गोळीनं काहीच बिघडत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. प्रश्न संख्येचा आहे, आणि संख्येपेक्षाही वेळेचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आणली तर आणखी चांगलं. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. चार ग्रॅमच्या सहा गोळ्या म्हणजे २४ ग्रॅम. चहा, बिस्किटं, शीतपेयं, चवथीची नेवरी हे सगळं अजून मोजायचंच आहे.

दिवसभर गोळ्या चघळणाऱ्याला आपण काही खाल्लंय असं वाटतच नाही. जेवणाची भूक त्यानं कमी होत नाही, पोट भरल्याची जाणीव होत नाही. डॉक्टर "गोड काय काय खाता?" असं विचारतात तेव्हा माणूस मनापासून "काही नाही" म्हणतो. दुकानात बसणारे, टॅक्सी चालवणारे, तंबाखू सोडलेले, यांच्याकडे मी हे वारंवार पाहतो. विचारताना "गोड" हा शब्द न वापरता "खिशात काय असतं?" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

दातांवर काय परिणाम होतो?

सगळ्यात मोठा परिणाम इथेच होतो.

दातांवरच्या थरात राहणारे जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातला सामू (पीएच) ५.५ च्या खाली गेला की दाताच्या एनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. साखर संपली की लाळ हळूहळू आम्ल धुऊन काढते आणि खनिजं परत बसवते. त्याला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. एकदा लाडू खाल्ला तर दात एकदा या फेऱ्यातून जातात. कडक गोळी पाच-दहा मिनिटं तोंडात असते, आणि तेवढा वेळ ताजी साखर सुटत राहते. अर्ध्या तासानं दुसरी टाकली की लाळेचं काम पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर अशाच अंतरानं गोळ्या खात राहिलं तर दाताला सावरायला वेळ मिळतो तो फक्त रात्री.

गोळी एकाच गालात ठेवायची सवय असली तर त्या बाजूच्या दाढा आधी किडतात. आरशात तोंड उघडून दोन्ही बाजू बघा. सवय असलेल्या बाजूला हिरडीलगत खडूसारखा पांढरट पट्टा दिसू लागतो, ती किडीची सुरुवात. या टप्प्यावर फ्लोराइडची पेस्ट आणि सवयीतला बदल एवढ्यावर निभावतं. पट्टा तपकिरी होऊन खड्डा पडला की दंतवैद्याकडे जावंच लागतं. बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय आहे, जवळच्या सरकारी इस्पितळात दंतविभाग असेल तर तिथेही दाखवता येतं. दुखायला लागेपर्यंत थांबू नका.

वयस्क माणसांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवी वाढवणाऱ्या कित्येक गोळ्यांमुळे तोंड कोरडं पडतं. तोंड कोरडं पडतं म्हणून आजी पेपरमिंट चघळतात. लाळ आधीच कमी, त्यात साखर, आणि वयामुळे हिरड्या मागे सरून दातांची मुळं उघडी पडलेली. मुळावर एनॅमल नसतं, त्यामुळे तिथे कीड फार झपाट्यानं पसरते. अशा माणसांनी घोट घोट पाणी प्यावं, बिनसाखरेची गोळी किंवा च्युइंग गम घ्यावा, आणि औषधामुळे तोंड सुकतंय हे डॉक्टरांच्या कानावर घालावं. कित्येकदा औषध बदलता येतं.

आणि गोळी कडाकडा फोडून खाऊ नका. जुनं फिलिंग, कॅप, मुलांच्या दातांवर लावलेल्या तारा, सगळ्यांना त्यानं धोका असतो. रूट कॅनाल केलेली आणि कॅप न बसवलेली दाढ अशी फुटली तर ती अनेकदा काढावीच लागते.

गोळी खाल्ल्यावर लगेच ब्रश करावा का?

साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरा, तेवढं पुरे. ब्रश सकाळी आणि रात्री झोपताना, फ्लोराइडच्या पेस्टनं. रात्रीच्या ब्रशनंतर मात्र गोळी नको. झोपेत लाळ फार कमी सुटते, आणि तोंडात राहिलेली साखर पहाटेपर्यंत तशीच राहते.

डायबिटीस आहे. रोज एखादी गोळी चालेल का?

हा प्रश्न गोव्यात जितका महत्त्वाचा आहे तितका देशात दुसरीकडे क्वचितच असेल. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण सगळ्यांत जास्त गोव्यात आढळलं : २६.४ टक्के. देशाची सरासरी होती ११.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे चारातल्या एका प्रौढाला मधुमेह. दोन प्रौढ मुलं आणि आईवडील अशा चौघांच्या घरात सरासरीनं एकाला तो असतो, असा हा हिशेब आहे.

एका चार ग्रॅमच्या गोळीनं साखर फार चढत नाही. दिवसाच्या हिशेबात धरून एखादी खाल्ली तर आभाळ कोसळणार नाही. पण दिवसाला आठ-दहा होत असतील तर तेवढे ३०-४० ग्रॅम कर्बोदकं तुमच्या जेवणाच्या तक्त्यात कुठेच नोंदलेली नाहीत, आणि औषधाचा डोस मात्र त्या तक्त्यावर ठरवलेला आहे. साखर का आटोक्यात येत नाही म्हणून डोस वाढत जातो. डॉक्टरांकडे जाल तेव्हा गोळ्यांचा खरा आकडा सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि तो आकडा तपासणीच्या कागदाइतकाच उपयोगाचा आहे.

ज्यांना दातांचा आणि हिरड्यांचा त्रास आहे अशा मधुमेहींनी तर साखरेची गोळी बंदच करावी. हिरड्यांचा संसर्ग आणि रक्तातली साखर एकमेकांना बिघडवत राहतात.

साखर एकदम उतरली तर पेपरमिंट उपयोगी पडते ना?

पडते, पण तिच्यावर विसंबू नका. हे उत्तर मधुमेही माणसानं आणि त्याच्या घरातल्यांनीही वाचावं.

दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, भ्रमिष्टासारखं बोलणं, अशी लक्षणं दिसली किंवा ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा आला तर १५ ग्रॅम साखर लगेच पोटात जायला हवी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. चार ग्रॅमच्या गोळ्यांचा हिशेब केला तर चार गोळ्या, आणि त्या चघळत न बसता चावून गिळायच्या. थरथरणाऱ्या माणसाला तेवढं जमायला हवं. त्यापेक्षा ग्लुकोजची पावडर तीन लहान चमचे पाण्यात ढवळून पाजली तर पटकन काम करते. अर्धा ग्लास साधं गोड शीतपेय किंवा फळांचा रसही चालतो. बिनसाखरेचं पेय किंवा बिनसाखरेची गोळी इथे काहीच कामाची नाही.

एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेलं औषध चालू असेल तर साखर आणि साखरेच्या गोळ्या वेळेवर काम करत नाहीत. आतड्यात साखरेचं ग्लुकोजमध्ये रूपांतर करणारं विकरच (एन्झाइम) ही औषधं रोखून धरतात. त्यांचं कामच ते आहे. अशा रुग्णाजवळ शुद्ध ग्लुकोजच असला पाहिजे. आपल्या औषधाच्या पट्टीवरची नावं वाचा. व्होग्लिबोज बऱ्याचदा मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडबरोबर एकाच गोळीत असतो, आणि ग्लिमेपिराइड साखर उतरवू शकतो. आमच्याकडे अशी पट्टी घेऊन जाणाऱ्याला मी ग्लुकोजचा पुडा बरोबर घ्यायला सांगतोच. नको म्हटलं तरी सांगतो.

माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. गोळी नाही, पाणी नाही, साखर नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

शुगर-फ्री पेपरमिंट बिनधास्त खावी का?

दातांसाठी ती साखरेच्या गोळीपेक्षा निश्चित चांगली. जिवाणूंना सॉर्बिटॉल, मॅल्टिटॉल, आयसोमाल्ट, झायलिटॉल यांच्यापासून आम्ल फारसं करता येत नाही. पण आंबट चवीची असेल तर तिच्यातलं सायट्रिक आम्ल एनॅमल झिजवतंच, मग साखर असो वा नसो.

शुगर-फ्री म्हणजे कॅलरी-फ्री नव्हे. साखरेत ग्रॅमला चार कॅलरी असतात, तर या पदार्थांत साधारण दोन ते अडीच. रक्तातली साखरही त्यानं थोडी वाढते, मॅल्टिटॉलनं जरा जास्त. आणि हे पदार्थ लहान आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत. मोठ्या आतड्यात जाऊन पाणी ओढतात, जिवाणू त्यांना आंबवतात, आणि पोट फुगतं, गुरगुरतं, जुलाब होतात. एका बैठकीत अख्खं पाकीट संपवणाऱ्याला हा अनुभव येतोच. पाकिटावर तसा इशारा छापलेला असतो, फक्त अक्षरं बारीक असतात. कारण कळत नसलेले जुलाब असतील आणि खिशात शुगर-फ्री गोळ्या असतील, तर आधी त्या चार दिवस बंद करून बघा.

ॲस्पार्टेमबद्दल लोक घाबरून विचारतात. जुलै २०२३ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं त्याला "कदाचित कर्करोगकारक" या गटात टाकलं. त्याच वेळी अन्नातल्या मिश्रकांची तपासणी करणाऱ्या संयुक्त समितीनं दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. दोन-चार गोळ्यांतून त्या मर्यादेच्या जवळपासही जाता येत नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र ॲस्पार्टेम पूर्ण टाळायचं. आणि वजन कमी होईल या आशेनं शुगर-फ्री गोळ्या घेऊ नका. साखरेला पर्यायी गोडवे त्या हेतूनं वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये सांगितलं आहे.

शाकुती-वड्यांचं जड जेवण झालं की पेपरमिंटनं बरं वाटतं. पचन सुधारतं का?

पेपरमिंटचं तेल आतड्याचे स्नायू सैल करतं, हे खरं आहे. पोटात कळ येऊन कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ होणाऱ्या इरिटेबल बॉवेलच्या त्रासात या तेलाच्या कॅप्सूल देतात. पण त्या कॅप्सूलवर खास आवरण असतं. ती जठरात न फुटता आतड्यात फुटते. गोळीतलं तेल एक तर अगदी थोडं, आणि ते तोंडातच सुटतं.

उलट, छातीत जळजळ होणाऱ्यांना पेपरमिंट त्रासदायक ठरू शकते. अन्ननलिका आणि जठर यांच्या मधला झडपेसारखा स्नायू मेन्थॉलनं सैल होतो आणि आम्ल वर येतं. जळजळ होतेय म्हणून गोळी, गोळीनं थंड वाटलं म्हणून दुसरी, आणि तासाभरात पुन्हा अँटासिड मागायला काउंटरवर. रात्रीच्या जेवणानंतर असं होत असेल तर पेपरमिंट सोडून आठवडाभर बघा, आणि जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. जेवणानंतर तोंडात काही हवंच असेल तर साधी बडीशेप घ्या. साखरेचा थर दिलेली रंगीत नको.

घसा दुखतो, नाक चोंदतं. आराम पडतो तो खराच का?

थंड वाटतं ते खरं, पण तापमान उतरत नाही. जिभेवर आणि नाकात गारवा ओळखणारे टीआरपीएम८ नावाचे ग्राहक (संवेदना टिपणारे रिसेप्टर) असतात, मेन्थॉल नेमके तेच चाळवतं. हा ग्राहक २००२ मध्ये सापडला. तो शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहकांवरील संशोधनासाठी २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. चोंदलेल्या नाकाचंही तसंच आहे. हवा आत-बाहेर जाण्याचं प्रमाण मोजलं तर ते वाढलेलं नसतं, मोकळं मात्र वाटतं.

चघळल्यानं लाळ सुटते, कोरडा घसा ओला राहतो, खोकल्याची ढास थोडी थांबते. हा उपयोग खरा आहे आणि दोन-तीन दिवसांच्या सर्दीत तो घ्यायला हरकत नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्याही तेवढंच काम करतात, बिनसाखरेनं. ज्येष्ठमध घातलेल्या गोळ्या मात्र ब्लड प्रेशर असलेल्यांनी रोज घेऊ नयेत. ज्येष्ठमधानं दाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. ताप, गिळताना तीव्र वेदना, दोन आठवड्यांहून जास्त चाललेला खोकला, यांवर पेपरमिंट चघळत बसण्यापेक्षा तपासून घ्या. दोन आठवड्यांच्या खोकल्याला क्षयरोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.

लहान मुलांना कितव्या वर्षापासून द्यावी?

चार वर्षांच्या आतल्या मुलाला कडक गोळी देऊच नका. साखरेचा मुद्दा नंतर येतो, आधी जिवाचा. गोल, गुळगुळीत आणि लवकर न विरघळणारी वस्तू लहान श्वासनलिकेत बरोब्बर बूच बसल्यासारखी अडकते. दाढा आलेल्या नसतात, हसता-रडता-धावता गोळी मागे सरकते. जत्रेत तर हे सगळं एकदम जमून येतं : म्हापशाच्या बोडगेश्वराची गर्दी, खाजाचा पुडा, पाळण्यात बसलेलं पोर आणि त्याच्या तोंडात कुणा पाहुण्यानं प्रेमानं घातलेली गोळी. चारनंतरही बसून, आपल्या नजरेसमोर खायला लावा. गाडीत मागच्या सीटवर नको.

अडकलीच तर काय करायचं ते आताच वाचून ठेवा. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाठ थोपटू नका, पाणी पाजू नका. आवाज निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, ओठ निळे पडत असतील तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळव्याच्या टाचेनं पाच जोरकस थापा मारा. निघाली नाही तर मागून हात घालून बेंबीच्या वर मुठीनं आत आणि वर असे पाच झटके द्या. हे आलटून पालटून चालू ठेवा आणि दुसऱ्या कुणाला १०८ लावायला सांगा. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके देत नाहीत. त्याला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी किंवा तळव्यानं पाच दाब. गोळी दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नका, ती आणखी आत जाते.

वृद्ध माणसांनाही हा धोका आहे. पक्षाघातानंतर ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्या उशाशी पेपरमिंटची पुडी ठेवू नका.

गरोदरपणात चालते का?

मळमळ होताना एखाद-दुसरी चालते, त्यातलं मेन्थॉल नगण्य असतं. गरोदरपणातला मधुमेह निघाला असेल तर साखरेची गोळी बंद. शेवटच्या महिन्यांत जळजळ वाढते तेव्हाही टाळलेली बरी.

चोर्ला घाटात गाडी लागते, तेव्हा उपयोग होतो का?

थोडा. मळमळीत मेन्थॉलचा वास आणि तोंडातली चव बरी वाटते, पण बेळगावपर्यंत वळणंच वळणं असताना तेवढ्यावर निभत नाही. पुढच्या सीटवर बसा, मोबाइल बघू नका, नजर दूरच्या रस्त्यावर ठेवा. गाडी लागण्यावरची गोळी घ्यायची तर प्रवासाच्या अर्धा-एक तास आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतली तर ती उलटीबरोबर बाहेर पडते. त्या गोळीनं झोप येते, म्हणून चालवणाऱ्यानं घेऊ नये.

मोपाहून विमानानं जाताना कानात दडे बसतात, तेव्हा मात्र गोळी चांगलं काम करते. पुदिन्यामुळे नव्हे, तर चघळताना आपण वरचेवर आवंढा गिळतो त्यामुळे. विमान उतरायला लागलं की तोंडात टाका.

तोंडाचा वास जातो का?

झाकला जातो, जात नाही. वास येतो तो बहुतेक वेळा जिभेच्या मागच्या भागावर जमलेल्या जिवाणूंनी सोडलेल्या गंधकयुक्त वायूंचा. जीभ घासा, दातांच्या फटी साफ करा. साखरेची गोळी त्या जिवाणूंना खाऊच घालते.

दारू पिऊन गोळी चघळणाऱ्यांसाठी : पोलिसांचं यंत्र फुप्फुसातून येणाऱ्या हवेतला अल्कोहोल मोजतं, पुदिन्याचा वास नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. प्यायला असाल तर गाडी चालवू नका, एवढंच.

तंबाखू, सिगारेट सोडायला मदत होते का?

तोंडाला चाळा म्हणून होते. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायला बिनसाखरेची गोळी चांगली. पण तिच्यात निकोटीन नसतं. जुनी सवय असेल तर निकोटीनचा गम डॉक्टरांना किंवा फार्मसीत विचारून घ्या. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो.

उपाशीपोटी तपासणीसाठी रक्त द्यायला जाताना एखादी खाल्ली तर?

तपासणी बिघडते. आठ तासांच्या उपासात फक्त साधं पाणी. शस्त्रक्रियेआधीही गोळी नको. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा कुठेही "काही खाल्लंय का?" विचारतील तेव्हा पेपरमिंटही सांगा. भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी ते खाणंच आहे.

पावसाळ्यात गोळ्या चिकट होतात. खाल्ल्या तर चालतील का?

आपल्या जून-जुलैच्या हवेत वेष्टन गोळीला असं चिकटतं की सोलताना कागदाचा तुकडा बरोबर येतो. साखर हवेतला ओलावा ओढते. आधी गोळीचा वरचा थर पाझरतो, मग त्यावर पांढरट खरखरीत पापुद्रा धरतो. साखर इतकी दाट असते की तिच्यात जिवाणू सहसा वाढत नाहीत. त्यामुळे मुदतीतली, वेष्टन शाबूत असलेली चिकट गोळी खाऊन आजारी पडणार नाही. वेष्टन फाटलेली, मुंग्या लागलेली, वास उतरलेली टाकून द्या. बरणीचं झाकण घट्ट ठेवा, आणि फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं.

गाड्यावरच्या सुट्या रंगीत गोळ्या घ्याव्या का?

मी घेत नाही आणि मुलांना देऊ नका म्हणतो. भारतात खाण्याच्या कृत्रिम रंगांपैकी मोजकेच परवानगीचे आहेत आणि त्यांनाही मर्यादा आहे. सुट्या मालात कुठला रंग, किती, हे कळायला वाव नाही. २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा नगरपालिकेनं गोबी मंचुरियनवर बंदी घातली तेव्हा स्वच्छतेबरोबर कृत्रिम रंग हाही मुद्दा होता. गोळीच्या रंगाबद्दल आपण तेवढं विचारत नाही.

एकेका गोळीच्या चिमुकल्या वेष्टनावर घटकांची यादी छापायची सक्ती नसते. ती यादी मोठ्या पाकिटावर किंवा बरणीवर असते. दुकानदाराला बरणी फिरवून दाखवायला सांगा. हिरवा ठिपका, १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, मुदत आणि घटक बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात : पहिलं साखर, दुसरं लिक्विड ग्लुकोज, आणि पुदिन्याचा पत्ता शेवटच्या ओळीत. काही दाबलेल्या गोळ्यांत जिलेटिन असू शकतं. शाकाहारी घरांनी ठिपका न चुकता बघावा.

दिवसाला किती चालतील, एक आकडा सांगा.

निरोगी मोठ्या माणसाला एक-दोन, त्याही जेवणानंतर लगेच. तेव्हा लाळ भरपूर सुटलेली असते आणि दातांना वेगळा फेरा पडत नाही. त्याहून जास्त लागत असतील तर बिनसाखरेची घ्या, आणि तीही पाच-सहाच्या पुढे नको. मधुमेहींसाठी वर लिहिलंच आहे.

घरच्या कुत्र्यानं शुगर-फ्री गोळी खाल्ली तर?

पाकिटावर झायलिटॉल आहे का ते ताबडतोब बघा. माणसाला निरुपद्रवी असलेला हा पदार्थ कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात धोकादायक पातळीपर्यंत उतरवतो, आणि जास्त खाल्ला तर यकृत निकामी करू शकतो. साखर उतरायला वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम एवढं प्रमाणही पुरतं. लक्षणांची वाट न बघता पाकीट बरोबर घेऊन पशुवैद्याकडे न्या.